खिडक्या बंद केलेला नाताळ

परवा नातसून माझ्यापुढे येऊन बसली आणि म्हणाली, "आजी, नाताळात गावातले लोक आपलं चर्च बघायला येतात ना, त्यांचं स्वागत नीट व्हावं म्हणून आमची कमिटी बसलीये. तुमच्या वेळी काय करायचे?"

मी म्हटलं, "माझ्या वेळी मी सगळ्या खिडक्या बंद केल्या होत्या."

बिचारी हसली. म्हातारी भरकटली असं तिला वाटलं असणार. पण मी खरंच केल्या होत्या. मेथीची खळ लावून, पतंगाचा कागद चिकटवून, आतून बाहेरून पक्क्या. आणि हे सगळं कशासाठी, तर बाहेरच्या लोकांचं स्वागत करण्यासाठी. माझं तेव्हाचं डोकं हे असं चालायचं.

मी नगरकडची. शिकून मास्तरीण झाले, लग्न झालं आणि जालन्याला पाळकसाहेबांच्या घरात सून म्हणून आले. निजामी जाऊन तीन-चार वर्षं झाली असतील. नगरच्या पाण्याचा मला फार गर्व. इथली माणसं 'करू राह्यलो', 'आल्तो', 'कामून' असं बोलली की मी ओठ मुडपायची. आता मी झोपेतसुद्धा 'काय करू राह्यला रे' म्हणते, तो भाग वेगळा. तेव्हा मात्र मला वाटायचं की या गावाला सुधारायला देवानं मलाच रेल्वेत बसवून पाठवलंय.

आमच्या देवळाच्या (आम्ही ख्रिस्ती लोकही घरात बोलताना देऊळच म्हणायचो) खिडक्या लांबोळक्या होत्या आणि इतक्या खाली, की बाहेर उभ्या माणसाला कोपर टेकून आरामात आत बघता यावं. मिशनच्या कंपाउंडाला फाटक होतं, पण ते लावलेलं मी कधी पाहिलं नाही. नाताळच्या सकाळी घंटा झाली की निम्मं गाव त्या फाटकातून आत यायचं आणि दारातून न येता खिडक्यांपाशी जमायचं. कोणाची खिडकी कुठली हेही ठरलेलं. घंटेच्या बाजूच्या खिडकीवर जिनिंगमधले कामगार, केसांत कापूस घेऊन आलेले. तिच्या शेजारच्या खिडकीवर मोंढ्यातले, म्हणजे धान्याच्या बाजारातले, हमाल. कडुलिंबाच्या बाजूला सगळ्या बायका, त्यांत बुरख्यातल्याही. आणि खिडकीखाली बाहेर चपलांची रांग. आत आमची मंडळी बूट घालून बाकांवर बसलेली, आणि बाहेर मातीत उभी असलेली माणसं अनवाणी.

उपासना संपली की सासूबाई टोपली घेऊन आतून खिडकी-खिडकीपाशी जायच्या आणि मूठ-मूठ भुईमुगाच्या शेंगा नि बोरं बाहेर द्यायच्या. त्यांचं म्हणणं, "सालीतलं कुणाला बाटवत न्हाई. घरी नेऊन सोलावं, न्हाईतर बकरीला घालावं, त्याची मर्जी."

मला ते बघून लाज वाटायची. खिडकीतून शेंगा! हे काय रेल्वेचं स्टेशन आहे?

त्या वर्षी आमच्या शेवटच्या मडमबाई आपल्या देशी परत गेल्या होत्या. नाताळाचं सगळं त्या बघायच्या. मामंजी, म्हणजे माझे सासरे, साधा माणूस. ते म्हणाले, "पाहुण्यांचं अवंदा सूनबाई बघेल. शिकलेली आहे." झालं! माझ्या डोक्यात वारं शिरलं.

मडमबाईंनी जाताना एक जुनं कॅलेंडर मागे ठेवलं होतं. त्यावर विलायतेतल्या चर्चचं चित्र, रंगीत काचांच्या खिडक्या, आत निळा-तांबडा उजेड. माझ्या मनानं घेतलं की आपणही हेच करायचं. शिवाय खिडक्या बंद झाल्या म्हणजे लोकांना दारातून यावंच लागेल. एका दगडात दोन पक्षी. मी बाजारातून पतंगाचे कागद आणले, मैद्याची खळ शिजवली आणि ती पक्की व्हावी म्हणून तिच्यात मेथी वाटून घातली. शाळेतल्या मुलींना हाताशी घेऊन सगळ्या खिडक्या लावल्या आणि काचांवर, फटींवर, कडेकडेनं कागद डकवला.

सासूबाई पदर कमरेला खोचून बघत उभ्या होत्या. "अगं, खिडक्या लावल्या तर लोक बगतील कुठून?"

"दारातून आत येतील, आत्याबाई."

"दारातून यायचं असतं तर इतकी वरसं आले नसते?"

"त्यांना कुणी नीट बोलावलंच नाही."

"बराबर," सासूबाई म्हणाल्या, "आता तू बोलाव." आणि बोरं निवडायला निघून गेल्या. त्यांचा 'बराबर' हा शब्द मी फार उशिरा समजायला शिकले.

सुरूची एक फांदी आणून मी तिला ताजा कापूस लावला, बर्फ म्हणून. केदारखेड्याहून गाडी घेऊन आलेला एक शेतकरी दारातून डोकावला. बराच वेळ बघून म्हणाला, "पऱ्हाटी चांगली फुटली की ओ. कोणचं बियाणं?" मी त्याला बर्फाचं सगळं समजावून सांगितलं. त्यानं ऐकून घेतलं आणि जाताना आपल्या सोबत्याला म्हणाला, "यांच्यात कापसाला बरफ म्हंतेत."

एवढ्यावर थांबले असते तर बरं होतं. पण मी गावातल्या एका लग्नात पाहुण्यांवर गुलाबपाणी शिंपडताना पाहिलं होतं. हैदराबादी थाट! आमच्याकडे घरोघर बांगड्या भरायला येणाऱ्या खाला होत्या, त्यांच्याकडे त्यांच्या आजीची चांदीची गुलाबदाणी होती, लांब मानेची. ती मी मागून आणली. खाला म्हणाल्या, "ले जा बहू, पर जरा देख के छिड़क." मी कसली देखते?

आता एक गोष्ट सांगायला हवी, कारण पुढचं सगळं तिच्यावर अडलं.

आमच्या मिशनच्या मुलींच्या शाळेत कंपाउंडातल्या मुली होत्या, पण बाजारातली मुलगी एकच. जैन मारवाड्यांच्या घरातली, चौथीत. तोंडी हिशेब असा करायची की मी फळ्यावर मांडेपर्यंत तिचं उत्तर येऊन गेलेलं असायचं. तिला शाळेत पाठवायला तिचे वडील, मोंढ्यातले शेठ, तयार नव्हते. तिच्या आजीनं, दादीसांनी, हट्ट धरला म्हणून ते ऐकले. दादीसा विधवा, घरात त्यांचा शब्द चालायचा. त्यांनी माझ्या सासूबाईंकडून एकच वचन घेतलं होतं, "शिकवा, मारा, कान पिळा. पर धरमात हात घालू नका." सासूबाई म्हणाल्या होत्या, "न्हाई घालणार." दोघींची ओळख कशी, तर खिडकीची. कडुलिंबाजवळच्या खिडकीखाली एक चपटा दगड होता, त्यावर पाय देऊन दादीसा दर नाताळाला गाणी ऐकायला उभ्या राहायच्या, आणि शेंगांची पहिली मूठ त्यांना असायची.

नाताळचा दिवस उजाडला. मी जांभळं लुगडं नेसून, छातीला कागदी फूल लावून दारात उभी. घंटा झाली. लोक आले, सवयीनं आपापल्या खिडकीकडे गेले आणि थबकले. कोणी काचेवर टकटक केलं. कोणी कागदाला नख लावून पाहिलं. एक हमाल मोठ्यांदा म्हणाला, "आज खेळ बंद हाय काय?"

मी दारातून हाका मारल्या, "या! आत या! पुढे या, लाजू नका! बाक रिकामे आहेत!" एसटीचा कंडक्टर परवडला. लोकांनी एकमेकांकडे पाहिलं. मी हारांचं तबक घेऊन दोन पावलं पुढे गेले, ते चार पावलं मागे सरले. मी आणखी पुढे गेले. जिनिंगमधली पोरं तर चपला हातात घेऊन पळाली. तेवढ्यात कडुलिंबाखाली, त्या दगडावर उभ्या, दादीसा दिसल्या. नातीचा हात धरलेला, आणि दुसऱ्या हातानं तांबड्या कागदावर चाचपत होत्या. त्यांना एका डोळ्यानं कमी दिसायचं.

"खिडकी कुठं गेली गं?" त्या नातीला विचारत होत्या.

मला वाटलं, सापडला पाहुणा. मी जाऊन त्यांचा हात धरला. "दादीसा, आज खिडकी नाही. आज तुमचा मान आत." आणि नको-नको म्हणणाऱ्या त्या म्हाताऱ्या बाईला मी मधल्या वाटेनं, सगळ्या मंडळीदेखत, थेट पहिल्या बाकापर्यंत नेलं. दुसरे कोणी पाहुणे आत आलेच नव्हते, त्यामुळे साऱ्यांच्या वाटचं स्वागत त्या एकटीच्या वाट्याला आलं. गळ्यात झेंडूचा हार घातला. मग त्यांना उभं केलं, मंडळीकडे तोंड करून, आणि मी भाषण केलं, "आज आपल्यामध्ये प्रथमच या आजी देवाच्या घरात आल्या आहेत."

मागच्या बाकावरचे एक म्हातारे वडीलधारे, अर्धवट झोपेत, जोरात म्हणाले, "आमेन!"

आणि गुलाबदाणी? ती मी ठेवली होती बाप्तिस्म्याच्या दगडी कुंडाच्या काठावर. तिथं जवळ टेबल नव्हतं म्हणून. कुंडाला मी झेंडूची माळही घातली होती. शेजारी मामंजी काळा झगा घालून उभे. मी कुंडापाशी गेले, गुलाबदाणी उचलली आणि दादीसांच्या डोक्यावर तीनदा शिंपडली. थाटात. पदर ओला झाला इतकी.

आमच्यात बाप्तिस्मा डोक्यावर पाणी शिंपडूनच देतात. हे मला ठाऊक नव्हतं असं नाही. मी पाळकाची सून होते. पण त्या क्षणी मला फक्त लग्नातला हैदराबादी थाट आठवत होता. मामंजींचा चेहरा मी पाहिला. खिसा कापला गेल्यावर माणसाचा होतो तसा झाला होता. दारात, उंबऱ्याबाहेर, लोकांची गर्दी झाली होती, सगळ्या खिडक्या बंद ना! तिथून त्यांना काय दिसलं असेल? झगा घातलेला पाळक, कुंड, हार, डोक्यावर पाणी, आणि आमेन.

दादीसांनी ओला पदर सारखा केला. गाणं संपेपर्यंत ताठ बसल्या. मग हार काढून बाकावर ठेवला, नातीचा हात धरला आणि गेल्या.

दुपारी खाला धापा टाकत आल्या. बांगड्यांची टोपली खाली न ठेवताच म्हणाल्या, "या अल्ला! बहू, क्या कर दी तू? पूरा बाजार बोल रहा, दादीसा का बाप्तिस्मा हो गया!"

"नाही हो, ते गुलाबपाणी होतं. तुमच्याच गुलाबदाणीतलं."

"मेरी गुलाबदानी का नाम किसी को मत बता," खाला घाईनं म्हणाल्या.

दुसऱ्या दिवशी शेठांचा मुनीम आला. सुट्टी संपली तरी मुलगी आता शाळेत येणार नाही. मामंजी स्वतः त्यांच्याकडे गेले आणि ओट्यावरूनच परत आले. शेठ चांगले बोलले म्हणे, हात जोडले, पण म्हणाले, "पाळकसाहेब, मला बाजारात बसावं लागते. लोक हसू राह्यले." खालांनी आतली बातमी आणली. मुलगी चुलीपाशी बसून रडते, दप्तर माळ्यावर गेलं, आणि जाफराबादच्या एका घरी सोयरिकीचा निरोप धाडायचं बोलणं चाललंय. शाळा नाही तर पोरगी घरात ठेवून करायचं काय, असं तिचे काका म्हणाले.

मी उशीत तोंड घालून रडले. रडता रडता मामंजींना म्हणाले, "मी सगळ्या बाजारात जाऊन सांगते, बाप्तिस्मा असा होत नाही, त्याला आधी शिकवण लागते, प्रश्न विचारतात, मंडळीची परवानगी..."

सासूबाई म्हणाल्या, "हां. आणि जाताना गुलाबदाणी घेऊन जा. ज्याला पटणार न्हाई त्याच्यावर शिंपड."

मग त्यांनीच डोक्यावरून पदर घेतला. "चल. आणि माझ्या मागं राह्य. तोंडात मिठाची गुळणी धर."

आम्ही खालांबरोबर शेठांच्या घरी मागच्या दारानं गेलो, बायकांच्या. दादीसा अंगणात सूप मांडीवर घेऊन बाजरी निवडत होत्या. मला वाटलं, आता शिव्या येणार. त्यांनी वर पाहिलं, सासूबाईंना ओळखलं, आणि सूप थोडं बाजूला सरकवलं. सासूबाई तिथं बसल्या आणि बाजरी निवडायला लागल्या. जणू हेच करायला आल्या होत्या. कोणी 'या' म्हणालं नाही, कोणी 'कामून आल्या' असंही विचारलं नाही. मी अवघडून उभीच.

सुपातले खडे वेचता वेचता दादीसा म्हणाल्या, "मास्तरीण, मला कोन बाटवतं? तुझ्या जलमाच्या आधी मी ह्या गावात नांदायला आले. पान्यानं बाटायची असते तर कुंडलिकेच्या पुरातच बाटले असते. त्याचा मला राग न्हाई."

माझा जीव भांड्यात पडला आणि मी खाली बसले.

"राग याचा हाय, की माझी खिडकी कामून बंद केली?"

"तुम्ही आत यावं म्हणून."

"मी कधी म्हनले मला आत यायचं?" त्यांनी एक खडा उचलून लांब फेकला. "खिडकीपाशी मला कोनी विचारत न्हाई, तू कोन, तू कशाला आली. मी गानं ऐकते, शेंगा घेते, घरी जाते. घरच्यायलाबी ठाऊक असते, की डोकरी बाहेर उभी हाय. तू मला आत नेलं आन् जगाला दाखवलं. पाव्हन्याला कोनी असं धरते का? पाव्हना हाय का चोर?"

सासूबाईंनी माझ्याकडे पाहिलं नाही. त्यांच्या पाठीवरूनच मला कळलं की त्या हसू दाबतायत.

"मग पोरीचं?" सासूबाईंनी विचारलं.

दादीसांनी सूप आपटून कोंडा उडवला. "पोराला मी सांगून थकले. तो म्हनते, लोकायनं तुला आत बघितलं. आता लोकायला मी बाहेर दिसले पाह्यजे, तीच जागा, तोच दगड, सगळ्या गावासमोर. मंग तो ऐकंल. नवीन सालाला तुमची पूजा असते ना?"

"उपासना," मी दुरुस्त केलं.

सासूबाईंनी मला चिमटा काढला. तो अजून आठवतो, दंडाच्या आतल्या बाजूला.

"तीच," दादीसा म्हणाल्या. "मी पोराला संग घेऊन येते. माझी खिडकी तेवढी उघडी ठेवा. ती बंद दिसली, तर माझं येनं न येनं सारखंच. मंग पोरगी गेली जाफराबादला."

म्हणजे त्या मुलीची शाळा आता एका खिडकीवर आली. आणि खिडकीला मी मेथीची खळ लावलेली!

मेथीची खळ काय चीज असते ते ज्यानं लावली त्यालाच ठाऊक. गरम पाणी लावलं, सुरी लावली, उलथनं लावलं. कागद फाटून तुकडे निघायचे, पण फटीतली खळ दगड झालेली. आमचे हे देवळातल्या हार्मोनियमचा सराव सोडून छिन्नी घेऊन आले तर सासूबाईंनी हाकललं, "काचा फोडशील." माझी बोटं सोलून निघाली. कडुलिंबाकडच्या खिडकीपाशी बसून मी रडकुंडीला आले, तेव्हा सासूबाई गोठ्याकडे गेल्या आणि आमच्या दोन्ही शेळ्या सोडून घेऊन आल्या.

"तुझी खळ मैद्याची ना? आन् मेथीची? मंग तू कामून चाटू राह्यली? ज्यांचं काम त्यांना करू दे."

शेळ्यांनी दगडावर पुढचे पाय ठेवले आणि कामाला लागल्या. निळा कागद, तांबडा कागद, हिरवा कागद, कडेची खळ, सगळं. एक शेळी तर फटीत जीभ घालून असं चाटत होती की बघत राहावं. माझं विलायती चर्च दोन दिवसांत शेळ्यांच्या पोटात गेलं. दूध दोन दिवस जरा कडवट आलं, एवढंच. उरलेलं सासूबाईंनी खांद्यानं एक धक्का देऊन उघडलं आणि खिडकीच्या दोन्ही झडपा भिंतीला जाऊन आपटल्या. त्या आवाजानं मला इतकं बरं वाटलं की मी शेळीला मिठीच मारली.

नव्या वर्षाच्या सकाळी स्वागताचं सासूबाईंनी बघितलं. काय केलं त्यांनी? खिडक्यांखालची माती झाडून पाणी शिंपडलं. कडुलिंबाखाली सतरंज्या टाकल्या. रांजण भरून ठेवला आणि वर धुतलेलं फडकं बांधलं, कारण जैन बायका गाळल्याशिवाय पाणी पीत नाहीत. चपलांसाठी एक फळी भिंतीशी टेकवली. बस. कोणाला हाक नाही, हार नाही. मला म्हणाल्या, "तू आज आत बसायचं न्हाई. बाहेर सतरंजीवर बस. आन् कुनाला 'या' म्हनलीस तर बघ."

"मग मी तिथं काय करू?"

"जे बाकीचे करतेत ते."

घंटा झाली. लोक आले, पण लांबूनच. बाप्तिस्म्याची गोष्ट सगळ्यांच्या कानात होती, आणि खरं सांगायचं तर निम्मे लोक दादीसा येतात का तेच बघायला आले होते. मग फाटकातून दादीसा आल्या. मागे शेठ, पगडी घातलेले, चेहरा आवळलेला. त्यांच्या मागे ती मुलगी, डोळे सुजलेली. दादीसांनी चपला काढून फळीवर ठेवल्या, दगडावर चढल्या, खिडकीच्या चौकटीवर हात टेकले आणि आत बघून म्हणाल्या, "हां. आता दिसते."

हळूहळू खिडक्या भरल्या.

मीही चपला काढून सतरंजीवर बसले. देवळाच्या बाहेर, अनवाणी. पाळकाची सून! पहिली थोडी मिनिटं मान वर होईना. मग गाणं सुरू झालं आणि मी नकळत उठून दादीसांच्या शेजारी उभी राहिले. आणि काय सांगू, आत बसून मी ते गाणं शंभरदा म्हटलं असेल, पण ऐकलं नव्हतं. आत प्रत्येकाला आपलाच आवाज ऐकू येतो. बाहेर सगळ्यांचा मिळून एक येत होता, वर चिमण्या आणि लांबून मोंढ्यातल्या गाड्यांची घुंगरं. शेजारी एका बाईचं लेकरू रडलं, ती त्याला घेऊन रांजणापाशी गेली, पाणी पाजून परत आली. कोणी वळून बघितलं नाही. आत तिला हे जमलं असतं का? आणि आत काय काय दिसत होतं! आमेनवाले वडीलधारे आजही झोपलेले. पोरी एकमेकींच्या वेण्या बाकाला बांधत होत्या.

"ती बग," दादीसा कुजबुजल्या, "तिसऱ्या बाकावरची. दर साली तेच लुगडं." मला हसू फुटलं. म्हणजे इतकी वर्षं या बायका खिडकीतून हे बघत होत्या!

शेठ मागे हाताची घडी घालून उभे होते. मामंजींनी त्यांना पाहिलं. प्रार्थनेत त्यांनी सगळ्या गावासाठी मागितलं, पिकासाठी, बाजारासाठी, शिकणाऱ्या लेकरांसाठी. आवाज नेहमीपेक्षा थोडा मोठा केला, खिडकीच्या बाहेर जाईल इतकाच. कोणाचंही नाव घेतलं नाही.

उपासना संपली. सासूबाई आतून टोपली घेऊन आल्या आणि पहिली मूठ दादीसांच्या ओच्यात घातली. दुसरी शेठांसमोर धरली. त्यांनी क्षणभर बघितलं आणि हात पुढे केला. गर्दी अजून हललेली नव्हती. सगळ्यांना वाटत होतं की अजून काहीतरी व्हायचंय.

ते दादीसांनी केलं. त्या दगडावरून उतरल्या, खालांकडे वळल्या आणि हात पसरला. खालांनी बुरख्यातून काय काढावं? तीच गुलाबदाणी, मी परत केलेली! दोघींचं कधी ठरलं होतं देव जाणे. मला कळायच्या आत दादीसांनी माझा पदर बाजूला केला आणि सगळ्या गावादेखत माझ्या डोक्यावर गुलाबपाणी शिंपडलं. एकदा, दोनदा, तीनदा.

"घ्या!" त्या मोठ्यांदा म्हणाल्या. "मी ख्रिश्चन झाले म्हनता ना? मंग ही बी मारवाडी झाली. फिटंफाट!"

आधी हमाल हसले. मग जिनिंगमधली पोरं, मग बायका, मग आतून खिडकीशी गोळा झालेली आमची मंडळी. वडीलधाऱ्यांना या गलक्यानं जाग आली आणि ते म्हणाले, "आमेन!" तेव्हा तर शेठसुद्धा उपरण्याचं टोक तोंडाला लावून हसायला लागले, पगडी हलेपर्यंत. आणि एकदा बाजार ज्या गोष्टीवर हसला, ती गोष्ट मेली. पुढं कोणी बाप्तिस्म्याचं नाव काढलं की दुसरा म्हणायचा, "अन् ती मास्तरीण मारवाडी झाली ते?"

जाताना शेठांनी मामंजींना नमस्कार केला. शाळेचं काही बोलले नाहीत. मी वाट बघत होते, एक शब्द तरी बोलतील म्हणून. फाटकापर्यंत गेले, वळलेसुद्धा नाहीत. मुलगी तेवढी वळून बघत होती.

शाळा उघडली त्या दिवशी मी हजेरी घ्यायला उभी राहिले ती दाराकडे बघतच. प्रार्थना झाली. पाढे झाले. जागा रिकामीच. मी फळ्याकडे वळून हिशेब घातला, मुद्दाम अवघड, आणि खडू टेकवते न टेकवते तोच मागून उत्तर आलं.

ती दारात उभी होती. दप्तराला माळ्यावरची जळमटं तशीच चिकटलेली.

"उशीर का?" मी दरडावलं. नाहीतर रडलेच असते.

"दादीसा म्हनल्या, बाईला विचार, आत येऊ का खिडकीतून शिकू?"

सगळा वर्ग खिदळला. ती आपल्या जागेवर येऊन बसली, पाटी काढली, आणि मधल्या सुट्टीत माझ्या टेबलापाशी येऊन गंभीर चेहऱ्यानं म्हणाली, "बाई, तुम्ही आता आमच्यातल्या झाल्या. मंग कांदा चालायचा न्हाई."

मी डब्याचं झाकण पटकन लावलं. आत भाकरीबरोबर अख्खा कांदा होता, बुक्कीनं फोडलेला, आणि त्याचा वास सगळ्या वर्गात केव्हाच पसरला होता.